कंपनी नंतर, आधी टाकीची उंची

थंडीच्या तोंडावर पाणी तापवायचा सोलर बसवायचा म्हणून आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलंय : ‘ताई, कोणत्या कंपनीचा घेऊ?’ मी कंपनीचं नाव सांगणार नाही. मिरज-सांगलीच्या गच्च्यांवर काम करताना नामांकित सोलर चुकीच्या जोडणीमुळे बंद पडलेले मी पाहिलेत, आणि साधे सोलर नीट जोडणीवर वर्षानुवर्षं चाललेलेही पाहिलेत. त्यामुळे तुम्ही काहीही विचारलंत तरी मी आधी थंड पाण्याची टाकी किती उंचीवर आहे आणि पाइप कुठून कसा खाली आलाय, हेच विचारणार आहे.

विश्रामबाग, सांगली येथून एक वाचक भगिनी : आमचा एकमजली बंगला आहे. घरात पाच माणसं. सासूबाईंना पहाटे सहालाच अंघोळ लागते. नळाचं पाणी पुरत नाही म्हणून बोअरचंही त्याच टाकीत सोडतो. १०० लिटरचा सोलर पुरेल की २०० चा? काचेच्या नळ्यांचा घ्यावा की तांब्याच्या पॅनेलचा?

वहिनी, आधी लिटरचा हिशेब करू. थंडीत टाकीतलं पाणी साधारण २० अंशांवर असतं आणि सोलरचं ६० वर गेलेलं असतं. अंगाला सोसेल असं पाणी ४० अंशांचं. म्हणजे निम्मं गरम, निम्मं थंड. २० लिटरच्या बादलीला सोलरचं पाणी १० लिटर लागतं. पाच जणांच्या बादलीच्या अंघोळी ५० लिटरात होतात. पण शॉवर असेल तर हा हिशेब मोडतो. मिनिटाला आठ लिटरचा शॉवर दहा मिनिटं चालू ठेवला, तर एकट्याच्या अंघोळीला ४० लिटर गरम पाणी जातं. तुमच्याकडे सगळे बादलीवाले असतील तर भांड्यांना आणि पाहुण्यांना धरून १५० लिटरचा घ्या. शॉवर असेल तर २०० चा. ‘घेतोच आहोत तर ३०० चा घेऊ’ असं दुकानात कोणी सुचवलं तर ऐकू नका. उन्हाळ्यात ते पाणी नुसतं उकळत राहतं आणि कोणी वापरत नाही.

वाचणाऱ्या विजेचाही अंदाज देते. १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. पाणी रोज वापरलं जात असेल तर आपल्या महिन्याच्या बिलात हा आकडा धरून बघा.

आता नळ्या की पॅनेल? तुमच्या बाबतीत बोअरचं पाणीच याचं उत्तर ठरवतं. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत अनेक ठिकाणी बोअरला क्षार फार. पॅनेलमधल्या तांब्याच्या उभ्या नळ्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या असतात. आतून थर बसला की पाणी फिरणं मंदावतं, मग थांबतं, आणि वरून पॅनेल अगदी नव्यासारखं दिसत राहतं. माझे वडील तांबट होते, बंब करायचे. दुरुस्तीला आलेल्या बंबाच्या मधल्या नळीवर बसलेला पांढरा थर ते ठोकून काढत, आणि ‘हा जेवढा जाड, तेवढं लाकूड जास्त’ असं गिऱ्हाइकाला समजावून सांगत. सोलरला लाकूड लागत नाही, पण थराचा नियम तोच आहे. काचेची नळी ४७ किंवा ५८ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यातला गाळ तळाशी बसतो, आणि नळी काढून धुता येते. म्हणून बोअरच्या पाण्याला काचेच्या नळ्या घ्या. पॅनेलच हवं असेल तर ज्यात पॅनेलमधलं पाणी आणि अंघोळीचं पाणी वेगवेगळं फिरतं, तो हीट एक्स्चेंजरवाला प्रकार मागा.

मला स्वतःला याहून आवडणारा उपाय वेगळाच आहे. गच्चीवर फक्त नळाच्या पाण्यासाठी ३००-५०० लिटरची छोटी टाकी ठेवा आणि सोलर तेवढ्या टाकीवर जोडा. बोअरचं पाणी संडासाला, अंगणाला, धुण्याला जाऊ दे. सोलरला नळाचं पाणी मिळालं तर त्याचं आयुष्य वाढतंच, शिवाय सासूबाईंच्या अंगाला खारं पाणी लागत नाही.

ही छोटी टाकी कुठे ठेवायची, ते नीट वाचा. सोलरची गरम पाण्याची टाकी त्याच्या स्टँडवर माणसाच्या उंचीला येते. साध्या, बिनदाबाच्या सोलरमध्ये थंड पाणी निव्वळ उंचीच्या जोरावर येतं. म्हणून थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याहून निदान फूटभर वर हवा. तुमची टाकी गच्चीवर विटांच्या दोन थरांवर बसवली असेल तर ती रिकामी होत जाईल तसा सोलर अर्धवट भरेल. जिन्यावरच्या खोलीचा स्लॅब असेल तर टाकी तिथे चढवा. नसेल तर लोखंडी स्टँड करावा लागेल. पाण्यानं भरलेल्या ५०० लिटरच्या टाकीचं वजन अर्ध्या टनाहून जास्त होतं, त्यामुळे स्टँडचे पाय तुळईवर किंवा खांबावर यायला हवेत. सोलर घ्यायच्या आधीच हा खर्च धरा. लोक तो धरत नाहीत आणि मग बसवणारा मेस्त्री कशीतरी जोडणी करून जातो.

सोलरच्या टाकीवरून एक उघडा पाइप सरळ वर जातो, त्याला एअर व्हेंट म्हणतात. त्याचं तोंड थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून वर हवं आणि कायम उघडं हवं. पाणी गळतंय म्हणून त्यावर टोपी लावणारे लोक मला भेटतात. टोपी लावली की वाफेला वाट राहत नाही आणि पाणी ओढलं जाताना हवाही आत येत नाही. टाकी फुगते किंवा आत चेपते.

राहिली दिशा. तोंड दक्षिणेला. सावली मात्र डिसेंबरची बघा. मेच्या सुरुवातीला सांगलीत सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा सगळी गच्ची उन्हात दिसते. डिसेंबरच्या शेवटी तो भर दुपारीही क्षितिजापासून ५० अंशच वर येतो. दक्षिणेकडची भिंत सोलरहून १० फूट उंच असेल तर दुपारी बारालाही तिची सावली साडेआठ फूट आत येते, आणि सकाळी नऊला त्याच्या कितीतरी पुढे. गरम पाणी जेव्हा सगळ्यात जास्त हवं असतं, त्याच महिन्यात हे होतं.

कोथरूड, पुणे येथून एक वाचक : तीन मजली घर, गच्चीवर २०० लिटरचा नळ्यांचा सोलर, आमचं न्हाणीघर तळमजल्यावर. छान चालत होता. मागच्या वर्षी न्हाणीघर नवं केलं आणि शॉवरला जोर यावा म्हणून थंड पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप बसवला. तेव्हापासून दोन बादल्या थंड पाणी सोडल्यावर कोमट येतं, कधी तेही नाही. दुरुस्तीचा माणूस म्हणतो सगळ्या नळ्या बदला. बदलू का?

दादा, एकही नळी बदलू नका. आधी पाइपात पाणी किती मावतं ते बघा. १ इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर, पाऊण इंचीत पाव लिटरच्या थोडं वर. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत वळणं धरून तुमचा पाइप २५-३० मीटर असेल. पाऊण इंची असेल तर त्यात सात-आठ लिटर गार पाणी उभं राहणार. म्हणजे अर्धी बादली. दोन बादल्या त्यात मावूच शकत नाहीत. जास्तीचं थंड पाणी दुसरीकडून येतंय.

ते पंपातून येतंय. तुमच्या नव्या मिक्सरमध्ये गरम आणि थंड दोन्ही लाइनी एकत्र येतात. गरम पाणी गच्चीवरून आपल्या वजनानं उतरतं, थंडाच्या मागे मात्र पंप आहे. मिक्सरमध्ये कुठे वाट उघडी राहिली की जोराचं थंड पाणी गरम लाइनीत शिरतं आणि वर चढतं, थेट सोलरच्या टाकीपर्यंत. हातातला शॉवर असेल तर हमखास होतं. लोक मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून शॉवरचा खटका तेवढा बंद करतात.

तपासायला पैसे लागत नाहीत. गच्चीवर जाऊन सोलरच्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या गरम पाइपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. खाली येऊन फक्त गरम पाण्याचा नळ उघडा. पाइपातलं उरलेलं पाणी गेल्यावर धार थांबायला हवी. थांबली नाही, तर जे येतंय ते थंड लाइनीतलं पाणी आहे. मग घरातले मिक्सर एकेक करून बंद करत जा. धार जिथे थांबेल तो मिक्सर दोषी. दुसरी खूण : कोणी नळ उघडलेला नसताना पंप मध्येच सुरू होतो का, आणि त्याच वेळी वरच्या एअर व्हेंटमधून पाणी सांडतं का? असेल तर शंकाच नको.

उपाय करताना प्रत्येक मिक्सरच्या गरम बाजूला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवा. पण कडक स्प्रिंगचा नको. गच्चीवरून येणाऱ्या पाण्याला तो उघडण्याइतका जोर नसतो आणि धार बारीक होते. हलक्या झडपेचा घ्या. गरम आणि थंड दोन्हींना सारखा जोर हवा असेल तर गरम पाणी सोसणारा वेगळा पंप सोलरच्या पुढे, गरम लाइनीवर बसवावा लागतो. बिनदाबाच्या सोलरच्या मागे, त्यात शिरणाऱ्या थंड पाण्यावर पंप कधीही लावू नका. ती टाकी दाब सोसण्यासाठी केलेलीच नसते.

नळ्यांबद्दल तुमचं समाधान व्हावं म्हणून सांगते. काचेच्या नळीच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते. खालच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत लेप दिसतो. पोकळीत हवा शिरली की तो लेप पांढरा पडतो. खाली वाकून सगळी टोकं बघा. पांढरी पडलेली तेवढीच नळी बदला. टोकं चकाकत असतील आणि काचेवर धुळीचा थर नसेल, तर नळ्या आपलं काम करताहेत. पुण्यात बांधकामांची धूळ फार बसते, महिन्यातून एकदा सकाळी लवकर पाण्यानं धुवा.

अर्धी बादली गार पाणी मात्र येणारच. न्हाणीघर नवं करताना भिंत फोडली होती, तेव्हाच पाइपावर फोमचं आवरण चढवायला हवं होतं. आता निदान गच्चीवरचा उघडा पाइप झाका, आणि फोमवर उन्हापासून वाचवणारं वेष्टन घाला, नाहीतर त्याचा भुगा होतो. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी लक्षात ठेवा : गरम लाइनीला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, तो मऊ पडून वाकतो. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी लागतो. ‘मोठा पाइप म्हणजे जास्त पाणी’ म्हणून मुद्दाम जाड पाइप टाकू नका. पाइप जेवढा जाड, तेवढं रोज सकाळी गार पाणी जास्त. ते बादलीत धरून फरशीला वापरा.

चिपळूणहून एक वाचक भगिनी : आमच्याकडे चार महिने पाऊस. सोलर घेण्यात अर्थ आहे का? शिवाय घराभोवती नारळ आहेत आणि माकडांचा उच्छाद आहे.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कोकणात सोलरच्या भरवशावर राहू नका, ताई. ढगांतूनही थोडी ऊब मिळते, पण सलग झड लागली की पाणी कोमटावरच राहतं. उरलेले आठ महिने मात्र ऊन भरपूर आहे. तुमच्याकडे जळण फुकट असेल, परसात माडाच्या झावळ्या-सोडणं पडलेली असतील आणि चुलवण चालू असेल, तर सोलर नाही घेतलात तरी चालेल. सिलिंडर किंवा वीज जाळून पाणी तापवत असाल तर जरूर घ्या.

पावसाळ्यासाठी विक्रेते सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल बसवून देतात. मला ती पटत नाही. एका बादलीसाठी वरचं सगळं १५०-२०० लिटर पाणी तापवायचं, आणि ते लांबच्या पाइपातून गार होत खाली आणायचं. त्यापेक्षा न्हाणीघरात छोटा गिझर लावा, सोलरचं पाणी त्यातून येऊ द्या. सोलरचं पाणी गरम असेल तर त्याचा थर्मोस्टॅट वीज घेतच नाही. ६० अंशांचं पाणी आत आलेलं त्या गिझरला चालतं का, हे घेतानाच विचारा, आणि बाजूनं बायपास, म्हणजे गिझर टाळून पाणी सरळ नळाला नेणारी वाट, ठेवा.

नारळ आणि माकडं यांपुढे काचेच्या नळ्या टिकत नाहीत. तुम्ही पॅनेल घ्या, त्यावर टफन केलेली जाड काच असते. महाग पडतं, पण तुमच्या जागी तेच योग्य. तरी माडाच्या बरोबर खाली ठेवू नका, तिथे सावलीही येते. खाऱ्या हवेत साधं रंगवलेलं लोखंडी स्टँड गंजून जातं. गॅल्व्हनाइज केलेलं मागा आणि वेल्डिंगच्या जागा दरवर्षी बघा.

तासगावहून आठवीतली एक विद्यार्थिनी : आमच्या सोलरला मोटर नाही. मग नळ्यांतलं गरम पाणी वरच्या टाकीत कसं चढतं? रात्री परत खाली का येत नाही?

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला, बाळ. १ लिटर पाणी २० अंशांवर ९९८ ग्रॅम भरतं, तेच पाणी तापून ६० अंशांचं झालं की एका लिटरचं वजन ९८३ ग्रॅम. म्हणजे लिटरमागे फक्त १५ ग्रॅमचा फरक. तेवढ्या फरकावर सगळं यंत्र चालतं. नळीतलं पाणी तापून हलकं झालं की वर सरकतं, टाकीच्या तळचं जड, गार पाणी त्याच्या जागी उतरतं, तेही तापतं. ऊन आहे तोवर हे फिरणं चालू राहतं. रात्री नळीतलं पाणी गार होतं, जड होतं, आणि तळाशी बसून राहतं. वरचं हलकं पाणी जडाच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणूनच टाकी नेहमी नळ्यांच्या वर ठेवतात.

टाकी वेगळी काढून, उबदार आवरणात ठेवायची ही रीत १९०९ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, विल्यम बेली यांनी बाजारात आणली. त्याआधी काचेच्या पेटीत टाकीच ठेवत, त्यामुळे दिवसा तापलेलं पाणी रात्री निवून जाई. बेलींनी आपल्या यंत्राचं नावच ‘डे अँड नाइट’ ठेवलं.

करून बघ. सारख्या तोंडाच्या दोन काचेच्या बाटल्या घे. एकीत गार पाणी, दुसरीत शाई घातलेलं गरम पाणी, दोन्ही काठोकाठ. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घे. गारवालीच्या तोंडावर जाड पुठ्ठा धरून ती गरमवर उलटी ठेव आणि पुठ्ठा अलगद ओढ. शाई वर धावेल. मग पुन्हा भर, आणि या वेळी गरम बाटली वर ठेव. काय होतं ते मला लिहून कळव.

कोल्हापूरहून एक निवृत्त शिक्षक : सोलरला सरकारी अनुदान ७८ हजार मिळतं असं ऐकलं. अर्ज कुठे करावा?

सर, ते अनुदान पाणी तापवायच्या सोलरला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत, छतावर वीज तयार करणाऱ्या ३ किलोवॉट आणि त्याहून मोठ्या पॅनेलना ते मिळतं. पाणी तापवायच्या सोलरचं केंद्राचं अनुदान २०१४ सालीच बंद झालं. ‘अनुदानाचं आम्ही बघतो’ म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नका. काही महापालिका सोलर बसवलेल्या घराला घरफाळ्यात सवलत देतात. तुमच्या वॉर्डाच्या कार्यालयात त्याची चौकशी करा, पावती आणि सोलरचा फोटो घेऊन जा.

साताऱ्याहून एक वाचक : मे महिन्यात महिनाभर मुलीकडे जाणार आहोत. सोलर रिकामा करून जावं का?

रिकामा करू नका, काका. काचेच्या नळ्या पाण्याविना उन्हात तशाच तापत राहतात, आणि परत आल्यावर कोणी दुपारी एकदम थंड पाणी सोडलं की तडकतात. टाकी भरलेलीच ठेवा, थंड पाण्याचा पुरवठा चालू ठेवा, म्हणजे वाफेनं कमी झालेलं पाणी भरून निघेल. नळ्यांवर जाड, फिकट कापड किंवा शेडनेट दोन पदरी करून बांधा, वाऱ्यानं उडणार नाही असं. वळवाच्या गारांपासूनही थोडा बचाव होतो. परत आल्यावर कापड संध्याकाळी काढा. पहिलं पाणी नुसतं सोडून द्या, ते फार कढत असेल, हात लावून बघू नका. आणि कधी काही कारणानं सोलर रिकामा झालाच, तर तो सकाळी उजाडताना किंवा दिवस मावळल्यावरच भरायचा, मधल्या वेळी नाही. घराकडे बघायला जो कोणी येणार असेल, त्यालाही हे सांगून ठेवा.